सवाष्णीचा डबा

वहिनी,

तुझ्या तेराव्याला मी तमाशा केला. पानावर बसलेल्या सवाष्णीच्या अंगावर ओरडले. दादा ताटावरून उठला, गुरुजींनी मान खाली घालून भात कालवला आणि तुझ्या निखिलने मला दंडाला धरून आत नेलं. दुसऱ्या दिवशी पुण्याला परत जाताना तो म्हणाला, "आत्या, तू भी ना, हद करतेस." करते. तू असतीस तर आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस, वन्सं, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणतात ते मी वर्षभर ऐकलंय. आता तू माझं ऐक. या वेळी तुला मधेच उठून चहा टाकायला जाता येणार नाही.

मला तुझा राग आलाय. दादाचाही आलाय, पाठककाकूंचा आलाय, नाक्यावरच्या त्या दवाईवाल्याचा आलाय. आणि माझा स्वतःचा इतका आलाय की सकाळी आरशासमोर उभं राहून वेणी घालायलाही नको वाटतं. पण सुरुवात तुझ्यापासून करते, कारण तू उलट बोलणार नाहीस. तशी तू कधीच बोलली नाहीस म्हणा.

आपल्या काशीतल्या या मंगला गौरीच्या गल्ल्यांत मराठी घरं उरली किती? मी इंदूरहून नवरा गमावून परत आले तेव्हा वीस-पंचवीस तरी होती. मुलं पुण्याला, बेंगलोरला गेली, त्यांच्यामागे आया गेल्या, आणि मागे राहिले ते आमच्यासारखे. म्हणजे रिटायर झालेले पुरुष आणि पुसल्या कपाळाच्या बायका. घरं कमी झाली, पण सण कुठे कमी झाले? श्रावणातले शुक्रवार आले, नवरात्र आलं, कुणाचा कुळधर्म, कुणाचं बोडण, पितृपक्षात अविधवा नवमी. सगळ्यांना पानावर बसायला सवाष्ण हवी. आणि सवाष्ण म्हटलं की सगळ्यांना तू आठवायचीस. नवरा धडधाकट, पोटी मुलगा, स्वभाव गोड, पंचगंगा घाटाच्या त्या उभ्या पायऱ्या चढून कुणाच्याही तिसऱ्या मजल्यावर वेळेवर हजर. फोन दादाच्या मोबाईलवर यायचा. "वहिनींना पाठवा हं, भोग लागायच्या आधी." भाड्याने भांडी मागवावीत तसं तुला मागवायचे, आणि तू हिरवी साडी नेसून निघायचीस.

मला कोणी बोलवत नसे. कशाला बोलवतील? मी मुलींच्या शाळेत चोवीस वर्षं गणित शिकवलं, गल्लीतल्या निम्म्या पोरी माझ्या हाताखालून पास झाल्या, पण पानावर बसायला मी चालणार नव्हते. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. तुलाही सांगायची. खोटं होतं ते. तू हिरव्या बांगड्या वाजवत जिना उतरायचीस तेव्हा मला वाटायचं, मजा आहे हिची.

मागच्या श्रावणात तू पहिल्यांदा म्हणालीस, पोट फुगल्यासारखं वाटतंय. दादाने वर्तमानपत्रातून मान वर न काढता निकाल दिला, "वात आहे." त्याच्या मते जगात एकच रोग आहे आणि तो वात. तू ओवा चावलास. हिंग कालवून बेंबीभोवती लावलास. पादेलोण झालं, बडीशेप झाली. नाक्यावरच्या दवाईवाल्याने तुझ्याकडे न बघताच गोळ्यांची पट्टी कापली. "माताजी, गैस है. सुबह खाली पेट एक लीजिए." ती पट्टी संपली, दुसरी आणली, तिसरी आणली. गणपती झाले, पितृपक्ष झाला, नवरात्र झालं. पोट खाली बसलं नाही. सकाळी उठतानाही फुगलेलं, उपाशी असलीस तरी फुगलेलं.

आणि गल्लीला तर चेष्टेचा विषयच मिळाला. सवाष्ण म्हणून जेवून जेवून पोट सुटलं. पाठककाकू हळदीकुंकवात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनी, साठाव्या वर्षी गोड बातमी आहे की काय?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. मीही हसले. जरा जास्तच हसले.

आता त्या डब्याबद्दल बोलू. मला खरं भांडायचंय ते त्यावरून.

जेवून आलीस की तुझ्या हातात तो पितळी कडीचा डबा असायचा. "वन्सं, तुमच्यासाठी आणलंय." आत पुरणपोळ्या, साखरभात, वाटीत कटाची आमटी, कधी श्रीखंड. आधी अर्धी पोळी यायची. दिवाळीनंतर डबा गच्च भरून यायला लागला. मला वाटायचं, दया करतेय विधवा नणंदेवर. मनातून जळफळायची आणि तरी सगळं खायची. बोटं चाटून खायची. आणि खाता खाताच तुला टोचायची, की चार घरी असं हादडल्यावर पोट फुगणार नाही तर काय होईल? अग, जो डबा मी रिकामा करत होते त्यातलंच अन्न तू खाल्लंस म्हणून मी तुला बोलत होते! दुसऱ्या कुणाला कळलं नाही तर समजू शकते. माझ्या तर हातात होता तो डबा. गणिताच्या बाईला एवढी वजाबाकी जमली नाही.

मार्गशीर्षात बांगड्यावाली मुन्नी दारात आली होती, आठवतं? तुझा हात तिला पाठ होता, वर्षानुवर्षं दो-छह मापाच्या बांगड्या. त्या दिवशी तिने घातल्या त्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. तिने दो-चारच्या काढल्या, त्याही सैल. ती तुझा हात हातात धरून बसून राहिली. म्हणाली, "भाभी, हाथ आधा हो गया आपका. तबीयत तो ठीक है ना?" वर्षभरात एवढं विचारणारी ती एकटी. ना नात्याची ना गोत्याची. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हाथ का सारा माल पेट में चला गया है." मुन्नी हसली नाही. तिने पैसे घेतले, टोपली उचलली, आणि जाताना वळून पुन्हा एकदा तुझ्याकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात तू मला विचारलं होतंस. दुपारची वेळ, तू गच्चीत पापड वाळत घालायचं धोतर झटकत होतीस. धोतराकडे बघतच म्हणालीस, "वन्सं, एकदा त्या बायकांच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं का? तुम्ही याल बरोबर? मला सारखं लघवीला पण जावं लागतंय." मी वही तपासत होते, शिकवणीच्या पोरींची. मी म्हणाले, "आधी चहा कमी कर. आणि लोकांच्या घरी जेवायला जाणं बंद कर. मग बघू डॉक्टरचं." तू बरं म्हणालीस. धोतराची घडी घातलीस आणि खाली गेलीस.

का नाही भांडलीस? का नाही ती वही माझ्या हातातून ओढून घेतलीस? मी शाळेत मुलाखतीला गेले होते तेव्हा तू फाटकाबाहेर उन्हात तीन तास बसून राहिली होतीस. हातात शेंगदाण्यांचा पुडा, पायाशी छत्री. रखवालदाराने उठवायला बघितलं तर त्याच्याशी तुझ्या त्या मोडक्या हिंदीत भांडलीस, "हमारी वन्सं अंदर है, हम नहीं उठेगा." माझ्यासाठी तुला भांडता येत होतं. मी नवऱ्यामागे जिवंत कशी राहिले, असं कोणी विचारलं तर मी त्या फाटकाकडे बोट दाखवीन. तुझे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. ते फेडायची एक संधी आली होती, रिक्षाने पंधरा मिनिटांच्या अंतरावरची, आणि मला वह्या तपासायच्या होत्या.

चैत्रात तू पाठककाकूंच्या पानावरून उठलीस आणि त्यांच्या मोरीत ओकलीस, तेव्हा कुठे सगळे जागे झालो. मोठ्या इस्पितळातली ती डॉक्टर निखिलपेक्षाही लहान होती. तिने तुझ्या पोटावर नुसता हात ठेवला, दोन बोटांनी टकटक केलं आणि लगेच सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. गॅस नव्हताच ग. पाणी होतं. अंडाशयातून पसरलेलं दुखणं आणि त्याचं पोटात साठलेलं पाणी. गल्ली ज्याला पुरणपोळी म्हणून हसत होती, ते पाणी त्यांनी सुई घालून काढलं आणि बाटल्या भरल्या.

मी त्या पोरीला बाहेर गाठलं. म्हटलं, पोट तर सगळ्यांचंच फुगतं, आम्हाला कसं कळणार? मला वाटलं ती ओरडेल. मला ओरडा हवा होता. ती शांतपणे बाकावर बसली आणि मला समजावायला लागली. म्हणाली, बहुतेकांचं फुगतं ते साध्याच कारणांनी. पोट साफ होत नसतं, दूध पचत नसतं, कुणाला गहू सोसत नाही, कुणाचं आतडं नाजूक असतं, कुणाचा थायरॉइड मंदावलेला असतो, कुणाला चालू असलेल्या गोळ्यांनी होतं. कधी यकृत बिघडूनही पाणी साठतं. पण जेवल्यावर फुगून पुन्हा उतरणारं पोट वेगळं आणि आठवडेच्या आठवडे उतरतच नाही ते वेगळं. पन्नाशीनंतर एखाद्या बाईला हे नव्याने सुरू झालं, दोन घासांत पोट भरायला लागलं, सारखं लघवीला जावं लागलं, काही न करता वजन उतरलं, तर चूर्ण देत बसायचं नाही, तपासून घ्यायचं. "ज्यादातर कुछ नहीं निकलता, आंटी. पर देखे बिना कैसे कहें?"

दोन घासांत पोट भरणं. लघवी. वजन. वहिनी, तिने वाचून दाखवावी तशी माझी वर्षभराची हजेरी घेतली. मी विचारलं, मार्गशीर्षात आणली असती तर वाचली असती का? ती म्हणाली, सांगता येत नाही. कदाचित तेव्हाही पसरलेलं असतं, कदाचित नसतं. त्या कदाचितचं मी काय करू? नक्की म्हणाली असती तर रडून मोकळी झाले असते.

त्या संध्याकाळी तू मला डब्याचं सांगितलंस. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. "वन्सं, रागावू नका. मला ते पान संपायचंच नाही हो. दोन घास गेले की गळ्याशी यायचं. सवाष्णीने पानात टाकलं तर त्यांच्या घराला बरं नाही, म्हणून मी म्हणायची, घरी वन्सं आहेत, त्यांच्यासाठी डब्यात द्या." आणि त्या बायका म्हणायच्या, किती जीव लावते नणंदेला. तू माझं नाव पुढे करून आपलं दुखणं झाकलंस. त्यांच्या घराला अपशकुन नको म्हणून! आणि तुझ्या घराचं काय?

मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. तुझ्याकडे मोजून तीन-साडेतीन महिने उरले होते आणि त्यातले दोन दिवस मी तोंड फिरवून औषधं दिली. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "जीव पण होता हो त्यात. नुसतं निमित्त नव्हतं." मी ठीक आहे म्हणाले. ठीक नव्हतं. अजून नाही.

आणि मग आषाढात तू गेलीस, आणि बायका आल्या. हिरवं लुगडं, खणानारळाची ओटी, मळवट भरला. पाठककाकू डोळे पुसत म्हणाल्या, "सोनं झालं हो. अहेव गेली. नशीब लागतं असं मरण यायला." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकेकीने तुझ्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन आपल्या कपाळी लावलं, भाग्य लागावं म्हणून. तीन महिने जिच्या पोटातून बाटल्यांनी पाणी काढलं, तिचं भाग्य! मी तुझे पाय सारखे करायला पुढे झाले तर काकू म्हणाल्या, "सुधा, तू नको ग हात लावू. सवाष्णीचं आहे." सत्तावीस वर्षं एका ओट्यावर आपण दोघींनी कणीक मळली. तुझी नळी, तुझं भांडं, तुझी ओली चादर, सगळं याच हातांनी केलं. तेव्हा कोणी नको म्हणालं नव्हतं. मी मागे झाले. त्या दिवशी ओरडायला हवं होतं. ते तेराव्याला ओरडले.

तेराव्याला तुझ्या नावाने सवाष्ण जेवायला घालायची होती. दादाने सगळीकडे फोन फिरवले. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणी मुलीकडे नागपूरला, कुणी बाजूला बसलेली. सगळ्यांच्या पानावर धावून जाणारी बाई गेली, आणि तिच्या स्वतःच्या पानावर बसायला बाई मिळेना. शेवटी पाठककाकूच आल्या. काका ऐंशीचे, पलंगावर पडलेले, पण आहेत. म्हणून काकू चालतात.

स्वयंपाक मी केला. पुरण मी वाटलं, तू वाटायचीस तसं, जायफळ जरा जास्त घालून. वाढायलाही मीच होते. काकूंनी वरणभाताचे दोन घास घेतले, पोळीचा एक तुकडा मोडला, आणि हात थांबला. पाण्याचा घोट घेतला. मग हळूच मला खुणेने जवळ बोलावून म्हणाल्या, "सुधा, एकदम भरल्यासारखं झालंय ग. पान टाकणं बरं नाही. बाकीचं डब्यात दे ना, घरी जाऊन आरामात खाईन."

वहिनी, माझ्या हातात तुपाची वाटी होती. ती मी आपटली.

"डबा मिळणार नाही!"

दादा म्हणाला, "सुधा, काय हे?"

"कधीपासून?" मी विचारलं. "काकू, कधीपासून भरतंय असं पोट?"

"अग, उमर झाली आता. गॅस आहे. होळीपासून जरा—"

"होळीपासून! आणि कमरेला? नाडी सैल बांधता ना? खरं सांगा. कुणाला सांगितलंत? दवाईवाल्याला?"

"सुधा, गुरुजी बसलेत ग," काकू रडवेल्या झाल्या. "अशा गोष्टी सर्वांसमोर बोलतात का?"

"गोड बातमी सर्वांसमोर विचारता येते, मग हे का नाही?"

तेव्हा दादा उठला. मी आणखीही पुष्कळ बोलले, ते सगळं तुला सांगत नाही. निखिलने मला आत नेलं तरी मी आतून ओरडत होते, की उद्या सकाळी दहा वाजता मी रिक्षा घेऊन येणार, आणि काकू खाली उतरल्या नाहीत तर त्यांच्या उंबऱ्यावर बसणार. तू शाळेच्या फाटकाशी बसली होतीस तशी, असं मनात आलं.

काकू उतरल्या. रुसलेल्या होत्या, पण उतरल्या. त्याच पोरीकडे नेलं. तिने पोटावर हात ठेवला तेव्हा मी भिंतीकडे बघत उभी राहिले. सोनोग्राफी झाली, रक्त झालं. चार दिवसांनी रिपोर्ट आला. पोटात गाठ नाही, पाणी नाही. थायरॉइड मंदावलाय, आणि कुठल्यातरी लोहाच्या गोळ्या त्या मनानेच घेत होत्या, त्यांनी पोट साफ होत नव्हतं. त्या बंद केल्या, थायरॉइडची चालू केली. काकू पेढे घेऊन आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तू ओरडलीस म्हणून गेले ग. नाहीतर मी कुठली जाते?" मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "वहिनींना मी काय काय बोलले." मी त्यांना बसा म्हणाले नाही, पण पेढा घेतला.

मला बरं वाटलं, असं लिहायला हवं. वाटलंही. पण पाठोपाठ इतका राग आला की पेढा तोंडात फिरायला लागला. तिला साधं निघालं. तुझंही साधंच निघालं असतं तर आपण घरी येताना रिक्षात हसलो असतो, मी दादाला म्हटलं असतं, बघ, वात नव्हताच. मला त्या एका सोनोग्राफीचं सुख हवं होतं ग. काही निघालं नाही म्हणून घरी यायचं सुख.

आता श्रावण लागेल. जिवतीचा शुक्रवार येईल, आणि दादाच्या मोबाईलवर एकही फोन येणार नाही. तुझा डबा ओट्याखाली आहे. मी तो घासून ठेवलाय, आणि रोज त्याच्याकडे बघून एकच गोष्ट मनात येते. आपल्याकडे आल्यागेल्याला, पोस्टमनला, मुन्नीला, दारातल्या मांजरीलासुद्धा आपण विचारतो, जेवलीस का? फक्त जेवायला जाऊन आलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. तू डबा घेऊन दारात उभी राहायचीस, दम लागलेला, बांगड्या कोपराशी, आणि मी आधी डब्याकडे हात करायची.

वहिनी, तू जेवलीस का?